मोठ्या संशोधन अहवालातील चित्रे दिसेनाशी झाल्यास काय करावे

सोलापुरातील सात रस्त्याच्या परिसरातील माझ्या छोट्या दुकानात गेली अनेक वर्षे प्रबंध आणि संशोधन अहवाल यांची मांडणी, छपाई आणि बाइंडिंग असे काम चालते. केगावच्या विद्यापीठात प्रबंध सादर करणारे विद्यार्थी, डाळिंबावरील तेल्या रोगाचा अभ्यास करणारे कृषी पदवीधर, नान्नजच्या माळरानावर पक्ष्यांच्या नोंदी घेणारे अभ्यासक आणि अभियांत्रिकीची मुले अशी मंडळी येथे येतात. सादरीकरणाची तारीख जवळ आली की त्यांतील अनेकांच्या तोंडी एकच वाक्य असते : "सर, काल फोटो होते, आज नाहीत." हा लेख अशा वेळी पहिल्यांदाच सापडलेल्या माणसासाठी आहे. येथे मुख्यतः विंडोजवरील मायक्रोसॉफ्ट वर्डचा विचार केला असून लिबरऑफिस हा वर्डसारखाच दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे काही सूचना दिल्या आहेत.

सर्वांत आधी एक भेद मनात पक्का करावा. "चित्र दिसत नाही" आणि "चित्र फाइलमध्ये नाही" या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिल्या अडचणीत चित्र जागेवरच असते आणि एखादी सेटिंग बदलली की समोर येते. दुसऱ्या अडचणीत फाइलमध्ये चित्राचा फक्त पत्ता उरलेला असतो, आणि त्या पत्त्यावर कोणी सापडत नसते. पडद्यावर दोन्ही अडचणी बऱ्याचदा सारख्याच दिसतात, म्हणून लोक पहिलीवर दुसरीचे उपाय करतात आणि धडधाकट फाइल बिघडवून ठेवतात. खालील पायऱ्यांचा क्रम या भेदावरच बेतलेला आहे, म्हणून तो शक्यतो मोडू नये.

पायरी पहिली : "सेव्ह" करू नका

चित्रे गायब झाल्याचे लक्षात आल्यावर फाइलमध्ये एक अक्षरही न बदलता ती बंद करावी, आणि बदल जतन करायचे का असे वर्डने विचारल्यास "डोन्ट सेव्ह" निवडावे. त्यानंतर त्या फाइलच्या दोन प्रती काढाव्यात. एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवून तिला हात लावू नये आणि पुढील सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवरच करावेत. प्रतीच्या नावात तारीख आणि वेळ लिहिलेली बरी, कारण "फायनल", "फायनल नवीन" आणि "फायनल खरी" अशा तीन फाइलींमधील खरी कोणती, हे दोन दिवसांनी फाइलच्या मालकालाही सांगता येत नाही.

एवढा आग्रह धरण्याचे कारण असे की वर्डला एखादे चित्र सापडले नाही आणि त्या अवस्थेत फाइल जतन झाली, तर पुढील आवृत्तीत रिकामी चौकटच कायम होण्याचा धोका असतो. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून घेतला आहे. सुरुवातीच्या काळात एका विद्यार्थ्याच्या एकुलत्या एका फाइलमधील लाल फुल्या घालवण्याच्या नादात मी चित्रांचे दुवे (लिंक, म्हणजे बाहेर ठेवलेल्या चित्रांचे पत्ते) तोडून टाकले आणि सवयीने कंट्रोल-एस दाबले. फुल्या गेल्या नाहीत, मात्र चित्रांचे पत्ते गेले, आणि त्या मुलाला सगळे फोटो पुन्हा एकेक करून शोधावे लागले.

पायरी दुसरी : रिकाम्या जागी नेमके काय दिसते ते पाहा

ज्या जागी चित्र असायला हवे होते, तेथे काय उरले आहे हे नीट पाहिले तर निम्मे निदान तेथेच होते. चौकटीत लाल फुली असेल आणि दुव्यावरील चित्र दाखवता येत नाही, फाइल हलवली, नाव बदलले किंवा पुसली गेली असावी, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असेल, तर चित्र बाहेरून जोडलेले होते असे समजावे. नुसती पातळ रेघांची रिकामी चौकट दिसत असेल, तर बहुधा वर्डला चित्रांऐवजी चौकटी दाखवण्याची सूचना दिलेली असते. चित्राच्या खालच्या कडेची बोटभर पट्टीच दिसत असेल, तर दोष ओळींमधील अंतराचा आहे. चौकट नाही, फुली नाही आणि मजकूरही वर सरकलेला आहे, अशी स्थिती असेल तर चित्र मजकुरामागे गेलेले, लपवलेले किंवा खरोखरच पुसले गेलेले असू शकते.

फाइल ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली असेल आणि वरच्या बाजूला पिवळी पट्टी दिसत असेल, तर वर्डने ती संरक्षित अवस्थेत उघडलेली असते आणि त्या अवस्थेत बाहेरील दुव्यांवरची चित्रे उघडली जात नाहीत. फाइल कोणाकडून आली आहे याची खात्री असल्यास "एनेबल एडिटिंग" दाबून पाहावे. कधी कधी सगळी अडचण एवढ्यावरच संपते.

पायरी तिसरी : फाइलचे पोट उघडून पाहा

ही पायरी नवख्यांना अवघड वाटते. प्रत्यक्षात तिला दोन मिनिटे लागतात, आणि दुसऱ्या कोणत्याही उपायापेक्षा ती अधिक नेमके उत्तर देते. वर्ड २००७ पासून रूढ झालेली डॉकएक्स फाइल म्हणजे आतून एक झिप गठडी असते. तिच्यात मजकूर एका जागी, चित्रे दुसऱ्या जागी आणि कोणते चित्र कोठे बसवायचे याची यादी तिसऱ्या जागी असते.

फाइल एक्सप्लोररच्या "व्ह्यू" मेनूमधून "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" सुरू करावे, म्हणजे फाइलच्या नावाचे शेपूट दिसू लागेल. प्रयोगासाठी काढलेल्या प्रतीचे शेपूट डॉकएक्सऐवजी झिप असे करावे. विंडोज इशारा देईल, त्यास होकार द्यावा. मग त्या फाइलवर उजवे बटण दाबून "एक्स्ट्रॅक्ट ऑल" करावे आणि तयार झालेल्या फोल्डरमधील "वर्ड" या फोल्डरात जाऊन "मीडिया" हा फोल्डर उघडावा. फाइलमध्ये खरोखर साठवलेले प्रत्येक चित्र येथे स्वतंत्र फाइल म्हणून दिसते. या फाइलींना वर्डने स्वतःचे अनुक्रमांक दिलेले असतात. ते तुमच्या आकृती क्रमांकांशी जुळतीलच असे नाही आणि एकच चित्र दोनदा वापरलेले असल्यास ते येथे एकदाच साठवलेले असू शकते, त्यामुळे नुसती मोजदाद करून घाबरून जाऊ नये, चित्रे डोळ्यांनी पाहावीत. पाहून झाल्यावर प्रतीचे शेपूट पुन्हा डॉकएक्स करावे.

हरवलेली चित्रे "मीडिया"मध्ये असतील तर निम्मी चिंता मिटली. पुढची चौथी पायरी तुमच्यासाठी आहे. ती तेथे नसतील तर थेट पाचव्या पायरीकडे जावे. फाइलच्या आकारावरूनही अंदाज येतो. साठ रंगीत फोटो असलेला अहवाल जेमतेम ४०० केबीचा असेल, तर ते फोटो आत नाहीत हे झिप न उघडताही सांगता येते.

फाइल जुन्या डॉक प्रकारातील असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण ती फाइल झिप नसते. अशा वेळी प्रत वर्डमध्ये उघडून "सेव्ह ॲज" मधून "वेब पेज, फिल्टर्ड" हा प्रकार निवडावा. मूळ फाइलशेजारी एक फोल्डर तयार होतो आणि वर्डच्या हाती लागलेली चित्रे त्यात काढून ठेवलेली असतात.

पायरी चौथी : चित्र आत आहे, पण दिसत नाही

प्रथम "व्ह्यू" मेनूमध्ये जाऊन "प्रिंट लेआउट" निवडलेले आहे याची खात्री करावी. "ड्राफ्ट" दृश्यात मजकुराच्या ओळीत बसवलेली चित्रे दिसतात, पण ज्यांच्याभोवती मजकूर वाहतो अशी तरंगती चित्रे दिसत नाहीत. त्यामुळे काही फोटो आहेत आणि काही नाहीत, असे कोड्यात टाकणारे चित्र निर्माण होते.

त्यानंतर "फाइल", "ऑप्शन्स", "ॲडव्हान्स्ड" या वाटेने "शो डॉक्युमेंट कंटेंट" या भागापर्यंत खाली यावे. तेथे "शो पिक्चर प्लेसहोल्डर्स" समोरची खूण काढलेली असावी आणि "शो ड्रॉइंग्ज अँड टेक्स्ट बॉक्सेस ऑन स्क्रीन" समोरची खूण केलेली असावी. मोठी फाइल भराभर सरकावी म्हणून कोणीतरी पहिली सोय सुरू करतो आणि नंतर विसरतो. कॉलेजच्या किंवा सायबर कॅफेच्या सामाईक संगणकावर हा प्रकार हटकून आढळतो.

ओळींच्या अंतराचा दोष प्रबंधांमध्ये फार आढळतो. नियमावलीत दीड किंवा दुप्पट अंतर सांगितलेले असते, आणि ते अगदी काटेकोर यावे म्हणून विद्यार्थी संपूर्ण मजकूर निवडून परिच्छेदाच्या चौकटीत "एक्झॅक्टली" हा पर्याय आणि १८ किंवा २४ पॉइंट असा आकडा घालतात. ओळीची उंची अशी बांधून टाकली की ओळीत बसलेल्या चित्रालाही तेवढीच उंची मिळते आणि बाकीचे चित्र कापल्यासारखे दिसते. उपाय सोपा आहे. चित्रावर क्लिक करून कंट्रोल आणि १ ही बटणे एकत्र दाबावीत, म्हणजे त्या परिच्छेदाचे अंतर एकेरी होते आणि चित्र पूर्ण उलगडते. चित्र तक्त्यामध्ये असेल तर तक्त्याच्या ओळीची उंची "एक्झॅक्टली" ठेवलेली नाही ना, हेही पाहावे. चित्रांच्या परिच्छेदांसाठी एक वेगळी स्टाइल तयार करून तिचे अंतर एकेरी ठेवले, तर हा त्रास पुन्हा होत नाही.

तरंगत्या चित्रांसाठी "होम" मेनूच्या उजव्या टोकाला असलेल्या "सिलेक्ट" मधून "सिलेक्शन पेन" उघडावे. तुम्ही ज्या पानावर आहात त्या पानावरील वस्तूंची यादी उजवीकडे दिसते आणि नावासमोरील डोळ्याची खूण बंद असल्यास ती वस्तू लपवलेली असते. यादीत नाव आहे, डोळा उघडा आहे, तरी चित्र दिसत नाही, असे झाल्यास ते मजकुरामागे किंवा पानाच्या कडेबाहेर गेलेले असते. यादीतील नावावर क्लिक करून चित्र निवडावे आणि "रॅप टेक्स्ट" मधून "इन लाइन विथ टेक्स्ट" करावे, म्हणजे ते मुकाट्याने ओळीत येऊन बसते. माझा स्वतःचा अनुभव असा की प्रबंधात तरंगते चित्र ठेवण्याची गरज शंभरात दोन वेळा पडते आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णव वेळा ते केवळ डोकेदुखी ठरते. तरंगते चित्र एखाद्या परिच्छेदाला नांगरलेले असते. गाइडने सांगितले म्हणून तो परिच्छेद काढून टाकला की त्याच्यासोबत चित्रही निघून जाते, आणि चित्र दुसऱ्याच जागी दिसत असल्यामुळे ते गेल्याचे तेव्हा लक्षातही येत नाही.

पडद्यावर चित्र दिसते आणि कागदावर येत नाही, अशी तक्रार असल्यास "ऑप्शन्स" मधील "डिस्प्ले" विभागात "प्रिंट ड्रॉइंग्ज क्रिएटेड इन वर्ड" समोर खूण असावी आणि "ॲडव्हान्स्ड" मधील छपाईच्या भागात "यूज ड्राफ्ट क्वालिटी" समोर खूण नसावी. एवढे पाहून झाल्यावरही शंका राहिल्यास पीडीएफ तयार करून पाहावी. पीडीएफमध्ये चित्र आले आणि प्रिंटरवर आले नाही, तर दोष वर्डचा नाही.

पायरी पाचवी : चित्र आत नाही, फक्त त्याचा पत्ता आहे

वर्डमध्ये "इन्सर्ट" मधून चित्र निवडताना "इन्सर्ट" बटणाशेजारी एक छोटा बाण असतो. त्यातील "लिंक टू फाइल" निवडल्यास चित्र फाइलमध्ये येतच नाही, फक्त ते कोठे आहे याची नोंद होते. फाइल हलकी राहते, म्हणून मोठ्या अहवालात लोक ही वाट निवडतात, आणि जोपर्यंत काम एकाच संगणकावर चालते तोपर्यंत सगळे सुरळीत असते. इंटरनेटवरील पानावरून मजकूर आणि चित्र एकत्र उचलून चिकटवल्यासही कधी कधी असाच दुवा तयार होतो. मग इंटरनेट नसलेल्या संगणकावर चित्र दिसत नाही.

"फाइल" मेनूतील "इन्फो" या पानावर उजवीकडे अगदी खाली "एडिट लिंक्स टू फाइल्स" असे दिसत असेल, तर फाइलमध्ये बाहेरचे दुवे आहेत हे नक्की. त्यावर क्लिक केल्यावर प्रत्येक दुव्याचा पूर्ण पत्ता वाचता येतो. जुन्या पद्धतीने घातलेल्या चित्रांच्या बाबतीत ऑल्ट आणि एफ ९ एकत्र दाबल्यासही चित्राच्या जागी महिरपी कंसात पत्ता दिसतो. पुन्हा तीच बटणे दाबली की पत्ता मावळतो.

हे पत्ते कागदावर लिहून घ्यावेत, कारण खरी किल्ली त्यांतच असते. सांगोल्याकडील एक विद्यार्थिनी डाळिंबावरील तेल्या रोगाचा प्रबंध घेऊन आली होती, तेव्हाचा प्रसंग सांगतो. पाने दोनशेच्या वर, फळांवरील तेलकट डागांचे आणि तडकलेल्या फळांचे फोटो साठाच्या घरात, आणि माझ्या पडद्यावर पानोपानी लाल फुल्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे आदल्या रात्री घरच्या लॅपटॉपवर सगळे फोटो होते, आणि ते खरेही होते. दुव्यांची यादी उघडली तर प्रत्येक पत्ता डी ड्राइव्हवरील "डाळिंब फोटो" या एकाच फोल्डरकडे बोट दाखवत होता. तिने पेनड्राइव्हवर वर्डची फाइल आणली होती, फोल्डर आणला नव्हता. तिच्या भावाने घरून तो फोल्डर गूगल ड्राइव्हवर चढवला, मी तो उतरवून माझ्या डी ड्राइव्हवर त्याच नावाने ठेवला आणि प्रबंध पुन्हा उघडला. साठच्या साठ फोटो जागच्या जागी उभे राहिले. एकेक दुवा बदलत बसलो असतो, तर दिवस गेला असता.

यातून घ्यायची युक्ती अशी की दुवे दुरुस्त करण्याऐवजी दुव्यांना हवा असलेला पत्ताच आपल्या संगणकावर उभा करावा. फोल्डरचे नाव, त्यातील उपफोल्डर आणि फोटोंची नावे तंतोतंत तीच ठेवावीत. पत्ता ई किंवा एफ अशा पेनड्राइव्हच्या अक्षराने सुरू होत असेल आणि तुमच्याकडे ते अक्षर मोकळे असेल, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधील "सब्स्ट" (subst) या आज्ञेने एखाद्या साध्या फोल्डरला तात्पुरते ते अक्षर देता येते. आज्ञा, मग अक्षर आणि विसर्गचिन्ह (:), मग फोल्डरचा पत्ता, असा क्रम असतो. संगणक पुन्हा सुरू केला की ते अक्षर आपोआप जाते. फोटोंची नावे मध्यंतरी बदलली गेली असतील तर मात्र दुव्यांच्या यादीतील "चेंज सोर्स" या बटणाने प्रत्येक फोटो निवडावा लागतो. त्याला इलाज नाही.

चित्रे परत दिसू लागल्यावर त्याच क्षणी ती फाइलच्या आत घ्यावीत. दुव्यांच्या यादीत सर्व ओळी निवडून "सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट" समोर खूण करावी, फाइल जतन करावी, आणि मगच "ब्रेक लिंक" करावे. हा क्रम उलटू नये. चित्र पडद्यावर दिसत नसताना दुवा तोडला तर पत्ता पुसला जातो आणि लाल फुली तेवढी मुक्कामाला राहते. वर सांगितलेली माझी चूक हीच होती. सगळे झाल्यावर तिसरी पायरी पुन्हा करून "मीडिया" फोल्डरमध्ये फोटो आले आहेत याची खात्री करावी.

पायरी सहावी : पत्ताही नाही आणि चित्रही नाही

दुव्यांची यादी रिकामी आहे आणि "मीडिया"मध्येही चित्र नाही, अशी वेळ आल्यास या फाइलशी झुंजत बसण्यापेक्षा तिची जुनी आवृत्ती शोधणे शहाणपणाचे. गाइडना, सहाध्यायाला किंवा टंकलेखकाला पाठवलेल्या ईमेलमधील जोडफाइल ही सर्वांत विश्वासाची जागा आहे, कारण ती नंतर कोणी बदललेली नसते. फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवत असाल तर तेथे वर्डच्या फाइलीच्या मागील आवृत्त्या ३० दिवसांपर्यंत किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राखल्या जातात. फाइलवर उजवे बटण दाबून आवृत्त्यांच्या व्यवस्थापनाचा पर्याय उघडावा. वनड्राइव्हवरही आवृत्त्यांचा इतिहास असतो. जुनी आवृत्ती मिळाली तर ती मूळ फाइलवर न चढवता वेगळ्या नावाने उतरवावी आणि तिच्यातून फक्त चित्रे घ्यावीत, म्हणजे नंतर केलेल्या दुरुस्त्या शाबूत राहतात.

फाइल उघडताना त्रुटीचा संदेश येत असेल, तर "फाइल", "ओपन", "ब्राउज" असे जाऊन फाइल निवडावी आणि "ओपन" बटणाशेजारच्या बाणातून "ओपन अँड रिपेअर" करावे. फाइल उघडते पण वरचेवर अडखळते, एक चित्र बसवले की दुसरे जाते, अशी लक्षणे असतील तर रिकामी नवी फाइल घ्यावी आणि जुन्या फाइलमधील शेवटचे परिच्छेदचिन्ह वगळून बाकी सर्व मजकूर तिच्यात आणावा. परिच्छेदचिन्हे दिसण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबावे. शेवटच्या चिन्हात मांडणीची बरीच माहिती साठलेली असते आणि बिघाड असला तर बऱ्याचदा तोही तेथेच असतो. एकाच फाइलमध्ये पानांचे अनेक विभाग असतील तर विभागाच्या प्रत्येक खंडचिन्हाबाबत (सेक्शन ब्रेक) हीच काळजी घ्यावी.

लिबरऑफिस वापरत असाल तर

लिबरऑफिसची ओडीटी फाइलही आतून झिपच असते आणि तिच्यात चित्रांसाठी "पिक्चर्स" नावाचा फोल्डर असतो, त्यामुळे तिसरी पायरी येथेही चालते. चित्र घालताना चौकटीत "लिंक" समोर खूण राहिली तर पाचव्या पायरीतील सर्व कथा येथेही घडते. अशा दुव्यांची यादी "एडिट" मेनूमध्ये मिळते. जुन्या आवृत्त्यांमध्ये मोठ्या फाइलींतील चित्रे जाऊन चौकटीत "रीड-एरर" एवढेच शब्द राहत, आणि त्या अवस्थेत जतन केलेली फाइल पुढे कामाची राहत नसे. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीत चित्रे हाताळण्याची पद्धत नव्याने बांधली गेली, म्हणून त्याहून जुनी आवृत्ती प्रबंधासाठी वापरू नये.

लिबरऑफिसचा एक उपयोग वर्डवाल्यांनाही आहे. वर्ड एखादी फाइल उघडायला नकार देतो किंवा चित्राच्या जागी फुली दाखवतो, तेव्हा तीच प्रत लिबरऑफिसमध्ये उघडून पाहावी. कधी कधी तेथे चित्र दिसते आणि उजवे बटण दाबून ते वेगळे जतन करता येते. मात्र प्रबंध एकदा इकडे, एकदा तिकडे जतन करत राहणे टाळावे. प्रत्येक फेरीत मांडणी थोडी थोडी हलते.

पुढच्या प्रकरणापासून घ्यायची काळजी

फाइल अवाढव्य होते, म्हणून लोक दुवे जोडतात, आणि दुवे जोडले की चित्रे हरवतात. तेव्हा मुळात फोटोच गरजेपुरते लहान करून घालावेत. साधा हिशेब करून पाहू. मोबाइलने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो, आणि पडद्यावर दाखवण्यासाठी तो उलगडला की प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट या हिशेबाने सुमारे ३६ एमबी जागा घेतो. डिस्कवर तो चारपाच एमबीचाच दिसला तरी उलगडताना त्याचा भार वेगळाच असतो. असे ८० फोटो म्हणजे जवळपास २.९ जीबी. आता ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटीमीटर असते, बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच आणि उजवीकडे एक इंच सोडला तर छपाईला साडेचौदा सेंटीमीटरच्या आसपास रुंदी उरते. इंचाला ३०० ठिपके या चांगल्या दर्जाने छापायचे म्हटले तरी १८०० ठिपक्यांची रुंदी पुरून उरते. १८०० बाय १३५० चा फोटो उलगडल्यावर सव्वासात एमबीच्या आसपास जागा घेतो, म्हणजे मूळच्या एक पंचमांश, आणि कागदावर दोघांत डोळ्यांना फरक जाणवत नाही.

फोटोंसाठी जेपीजी, आणि आलेख, रेषाचित्रे किंवा अक्षरे असलेल्या आकृत्यांसाठी पीएनजी हा प्रकार निवडावा. सूक्ष्मदर्शकावरून येणाऱ्या टिफ फाइली मूळ स्वरूपात जपून ठेवाव्यात आणि अहवालात त्यांची पीएनजी प्रत घालावी. ईपीएस प्रकारातील आकृत्या वर्डमध्ये घालण्याच्या भानगडीत पडू नये, कारण सुरक्षेच्या कारणास्तव २०१७ पासून मायक्रोसॉफ्टने ऑफिसमध्ये तो प्रकार बंद करत आणला आहे आणि जुन्या अहवालांतील अशा आकृत्या आता त्रास देतात. एक्सेल किंवा आलेखाच्या अन्य प्रोग्राममधून आकृती आणताना नुसते चिकटवण्याऐवजी "पेस्ट स्पेशल" मधून चित्र म्हणून चिकटवावी. आकडे बदलले तर आकृती पुन्हा आणावी लागेल, हे खरे, पण ज्या संगणकावर तो प्रोग्रामच नाही तेथे ती निदान शाबूत राहील.

सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावरील मोजपट्टीची अक्षरे पुसट होत असतील तर "ऑप्शन्स", "ॲडव्हान्स्ड" मधील "इमेज साइझ अँड क्वालिटी" या भागात "डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल" समोर खूण करावी. वर्डच्या अनेक आवृत्त्या जतन करताना चित्रे आपणहून २२० ठिपके प्रति इंच एवढ्यावर आणतात. ही खूण त्या एका फाइलपुरती असते, म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या फाइलमध्ये ती स्वतंत्रपणे करावी. फोटो व्हॉट्सॲपवरून मागवायचे झाल्यास ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे, नाहीतर ते वाटेतच आक्रसतात.

प्रकरणे वेगवेगळ्या फाइलींत लिहावीत आणि शेवटी प्रत्येकाची पीडीएफ काढून त्या एकत्र जोडाव्यात. प्रकरणांच्या फाइली एकत्र बांधण्यासाठी वर्डमध्ये "मास्टर डॉक्युमेंट" नावाची सोय आहे, पण ती मी कोणालाही सुचवत नाही. तिच्यामुळे फाइली बिघडलेल्या फार पाहिल्या आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या संग्रहासाठी प्रबंध प्रकरणवार पीडीएफ स्वरूपातच द्यावा लागत असल्याने ही मेहनत वाया जात नाही. पीडीएफ हाती आली की आकृत्यांची अनुक्रमणिका समोर धरून प्रत्येक आकृती पानावर आहे का, हे बोट ठेवून तपासावे. दुकानात छपाईला येताना वर्डची फाइल आणा, पण सोबत ही पीडीएफ आणि फोटोंचा फोल्डरही आणा.

छपाईच्या आदल्या दिवशी घरीच एक चाचणी करता येते. वर्डची फाइल बंद करावी, फोटो ज्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत त्याचे नाव तात्पुरते बदलावे, इंटरनेट बंद करावे आणि फाइल पुन्हा उघडून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश पाहावी. जी चित्रे या वेळी गायब होतील, ती दुव्यावर चालत आहेत असे समजून फाइल न जतन करता बंद करावी, फोल्डरला जुने नाव द्यावे आणि पाचव्या पायरीत सांगितल्याप्रमाणे ती चित्रे आत घ्यावीत.